शहराच्या आवाजाला कान देताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'आवाज' हा शब्द हल्ली आपल्या बोलण्यात येतो तो बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात. डीजेचा आवाज, हॉर्नचा आवाज, शेजारच्या बांधकामाचा आवाज. या तक्रारी खऱ्याच आहेत. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. मोशीत पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला ज्यांची घरं आहेत, त्यांना हे आकडे वाचून हसू येईल.

पण मी आज तक्रार घेऊन आलेलो नाही. ज्या आवाजांना आपण कंटाळलेलो असतो, तेच आवाज त्यांच्या जागी जाऊन टिपायचे, नीट ऐकायचे आणि त्यांची रचना करून लोकांना ऐकवायची, अशी एक कला जगात गेली शंभरएक वर्षं वाढते आहे. तिला ध्वनिकला म्हणतात. पूल, रेल्वे, विजेच्या तारा, पाण्याचे पंप, कारखान्यांचे भोंगे ही तिची वाद्यं. या कलेची थोडी ओळख करून द्यावी आणि तिच्यामुळे माझ्यासारख्या माणसाच्या मनात जो प्रश्न उभा राहिला तो तुमच्यापुढे ठेवावा, एवढाच आजचा हेतू आहे.

मी संगीतकार नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात मी तीसेक वर्षं काढली. या खात्यात कान हे हत्यार असतं. बेअरिंग खराब व्हायला लागलं की ते आधी आवाज बदलतं, गरम नंतर होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला टेकवायची आणि ऐकायचं. डॉक्टर छातीला नळी लावतात, तसंच. कोरडं पडलेलं बेअरिंग किरकिरतं, ढिला पट्टा फटफटतो, घासलेला गिअर दातओठ खातो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, वस्तादांनी कान धरून शिकवलं होतं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मुलाने एक छोटा रेकॉर्डर हातात दिला, तेव्हा मी गाणी टिपायला गेलो नाही. मोशीतली यंत्रं टिपायला लागलो.

नंतर वाचता वाचता कळलं की हे वेड माझं एकट्याचं नाही. इटलीत लुईजी रुसोलो नावाच्या चित्रकाराने १९१३ मध्येच जाहीर केलं होतं की, यंत्रयुगातल्या माणसाला व्हायोलिन-पियानो पुरणार नाहीत, त्याच्या संगीतात यंत्रांचा खडखडाट यायला हवा. त्याने तसे आवाज काढणाऱ्या पेट्याही बनवल्या. त्याहून मोठा प्रयोग झाला ७ नोव्हेंबर १९२२ रोजी, कास्पियन समुद्राकाठच्या बाकू या तेलाच्या शहरात. रशियन क्रांतीचा पाचवा वाढदिवस होता. आर्सेनी अव्रामोव्ह या संगीतकाराने कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे, रेल्वे इंजिनांच्या शिट्ट्या आणि तोफा यांना वादक करून अख्ख्या शहराची मैफल मांडली. निशाणं दाखवून इशारे दिले जात होते.

बाकूची ही गोष्ट वाचताना मला मुंबईच्या गिरणगावाची आठवण झाली. तिथेही भोंगे होते, पण ते मैफलीसाठी नव्हते. लालबाग-परळचं घड्याळच ते. कुठल्या गिरणीचा भोंगा कोणता हे चाळीतली पोरंही ओळखायची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक भोंगा बंद होत गेला. आज त्या जागी टॉवर आणि मॉल आहेत. गिरण्यांचे फोटो भरपूर मिळतात, कागदपत्रं मिळतात. पण ज्या आवाजावर लाखो माणसं उठली, जेवली आणि कामाला गेली, तो त्या मानाने फारच थोडा टिपला गेला. आवाज जपून ठेवायची वस्तू आहे, असं त्या काळी फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

जपलेला आवाज कलेचा कच्चा माल होऊ शकतो, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं ते रेडिओनेच. फ्रान्सच्या नभोवाणीतले अभियंते पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात जाऊन इंजिनांचे फुत्कार, शिट्ट्या आणि रुळांवरचा खडखडाट तबकड्यांवर टिपला. ते तुकडे उलटसुलट जोडून त्यांनी काही मिनिटांची एक रचना केली आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती फ्रेंच रेडिओवरून प्रसारित झाली. आज संगणकावर आवाज कापणं-जोडणं पोरखेळ झाला आहे, त्याची मुळं तिथे आहेत. आपल्याकडेही हे वारं फार उशिरा आलं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये गीता साराभाई यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता. तिथल्या टेप्स पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून राहिल्या आणि अलीकडच्या काळात पुन्हा उजेडात आल्या.

पुढच्या कलावंतांनी स्टुडिओच्या भिंतीच काढून टाकल्या. बिल फोंटाना यांनी २००६ मध्ये लंडनच्या मिलेनियम पुलाला कंपनं टिपणारी यंत्रं लावली. पायी चालणाऱ्यांच्या पावलांनी आणि वाऱ्याने पुलाचे दोर थरथरत, ती थरथर जवळच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात ऐकू येत असे. जर्मनीच्या क्रिस्टिना कुबिश २००४ पासून लोकांना खास हेडफोन देऊन शहरातून फिरवतात. विजेच्या तारा, एटीएम, जाहिरातींचे फलक यांच्याभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र त्या हेडफोनमध्ये आवाज होऊन उमटतं. आणि आपल्या शेजारच्या बंगळूरचे आवाज बुद्धादित्य चट्टोपाध्याय यांनी टिपले. मेट्रोच्या कामासाठी शहर उकरलं जात असतानाच्या त्या आवाजांतून त्यांनी केलेली रचना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचं नावच 'बंगळूरसाठी विलापिका' अशा अर्थाचं आहे. शहर वाढताना काहीतरी संपतही असतं, ते नेमकं काय, हे तिथे कानांना कळतं.

आता मोशीकडे येऊ. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव. एका अंगाला भोसरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी, नदीपलीकडे चिंबळी, कुरुळी आणि मग चाकण. मी पहिल्यांदा टिपला तो इंद्रायणीवरचा पूल. त्यासाठी महागडा माईक लागत नाही. गजराच्या घड्याळात किंवा वाजणाऱ्या खेळण्यात एक पितळी चकती असते. तिला वायर जोडून ती कठड्याला घट्ट चिकटवली की हवेतला आवाज बाजूला राहतो आणि लोखंड-काँक्रीटच्या पोटातला आवाज मिळतो. पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये लोखंडी फट असते. गाडीचा प्रत्येक आस तिच्यावरून जाताना एक ठोका पडतो. मोटारगाडीचे दोन, मोठ्या ट्रकचे तीन-चार, आणि चाकणकडून नव्या मोटारी घेऊन निघालेल्या लांबलचक ट्रेलरची तर झड लागते. डोळे मिटून बसलं तरी काय गेलं हे सांगता येतं. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक यांचा ठोका वेगळा असतो. पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या की लय बदलते, आणि पहिली पाळी आत गेली की पूल काही वेळ श्वास घेतो.

दुसरा आवाज ट्रान्सफॉर्मरचा. तो आपल्या इतका ओळखीचा असतो की वीज गेल्यावरच तो होता हे लक्षात येतं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले पोलादी पत्रे दोनदा सूक्ष्म ताणले जातात, म्हणून तो सेकंदाला शंभर कंपनांचा सूर लावतो. हा सूर मी आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना ऐकवला. त्यांनी पेटीवर ताडून पाहिला आणि म्हणाले, "हा तर पांढरी एकचा खालचा पंचम की हो! जरा चढा आहे, एवढंच." हिशेबाने पाहिलं तरी ते बरोबर आहे. पांढरी एकचा मंद्र पंचम सुमारे ९८ कंपनांचा असतो. म्हणजे आपल्या गल्लोगल्लीत अहोरात्र एक तंबोरा छेडला जातो आहे आणि त्याची एकच तार वाजते आहे. कॅनडाचे मरे शेफर यांनी या विषयावर १९७७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्यांना स्वस्थ बसवून मनातला सूर गुणगुणायला सांगितला, तर तो बरेचदा तिथल्या विजेच्या सुराजवळचा निघतो, असा अनुभव त्यांनी त्यात नोंदवला आहे. अमेरिका-कॅनडात वीज साठ फेऱ्यांची, म्हणून तिथला सूर वेगळा. आपण ज्यात राहतो ते नकळत आपल्या गळ्यात उतरतं, असा याचा अर्थ.

मोशीत टिपण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ, त्यांच्या मागे येतानाच्या टूँटूँ शिट्ट्या, भंगार वेचणाऱ्यांच्या हाका. कचऱ्यापासून वीज करणाऱ्या इथल्या प्रकल्पाचं ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालं. पिंपरीतल्या एखाद्या घरात फेकलेला कागद इथे जळून वीज होतो आणि पुन्हा कुठल्या तरी ट्रान्सफॉर्मरमध्ये पंचम लावतो. हे सगळं ऐकताना मजा येते, हे मी नाकारणार नाही.

पण इथेच तो प्रश्न येतो.

यंत्राच्या आवाजाचं आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं ध्वनिमुद्रण कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, जात्याचं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असं हे प्रचंड काम आहे. त्यातल्या अनेक ओव्या प्रत्यक्ष गळ्यातून ध्वनिमुद्रित झाल्या, त्यात बर्नार्ड बेल यांचा मोठा वाटा होता. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध झाल्या आहेत, कुणालाही ऐकता येतात. त्यांत गाणाऱ्या बाईच्या आवाजाखाली काही ठिकाणी दगडाची घरघर चालू असते. लोक ओव्यांचे शब्द ऐकतात. मी मेंटेनन्सचा माणूस, मी जातं ऐकतो. दगड एका लयीत फिरतो, ओवी त्या लयीवर बसते. जातं हेही यंत्रच, कष्टाचंच. पहाटेच्या अंधारात बाईला राबवणारं. पण त्या यंत्राचा आवाज बाईच्या आवाजाहून मोठा नव्हता. तिला त्याच्या वर आपलं गाणं, गाऱ्हाणं, भावाची आठवण मांडता येत होती.

गावात पिठाची गिरणी आली आणि हातांना सुटका मिळाली. ते चांगलंच झालं. पण गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात कुणी ओवी म्हणत नाही. म्हटली तरी ऐकू येणार नाही. आणि आमच्या प्रेस शॉपमध्ये तर गाणं सोडाच, हाकही पोचत नाही. तिथे माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं दाखवली की चहा, मूठ फिरवली की मशीन बंद कर. मग ध्वनिकलावंत जेव्हा प्रेसचा ठेका टिपतो आणि छान गालिचा घातलेल्या दालनात मंद आवाजात ऐकवतो, तेव्हा त्यात तिथला माणूस कुठे असतो? ज्याला त्या आवाजात आठ तास उभं राहावं लागत नाही, त्यालाच तो सुंदर वाटतो की काय?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. आवाज ९५ वर गेला तर चारच तास, १०० ला दोनच तास. प्रत्यक्षात लहान-मोठ्या वर्कशॉपमध्ये हे कितपत पाळलं जातं, ते इथला प्रत्येक कामगार जाणतो. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी चार हजार कंपनांच्या आसपासचे बारीक सूर जातात. माणसाला ऐकू येतं, पण स, श, फ, ट ही व्यंजनं विरघळतात. 'सात' की 'पाच' ते कळत नाही. माझ्या कानांची तपासणी झाली तेव्हा आलेखावर नेमक्या त्याच जागी खड्डा होता. आता माझ्या ध्वनिमुद्रणातले बारीक आवाज मी संगणकाच्या पडद्यावर डोळ्यांनी पाहतो आणि नातीला विचारतो, "इथे काय वाजतंय गं?" ती सांगते, "आजोबा, रातकिडे आहेत."

माझ्या बरोबरीचा एक मित्र प्रेसवर पंचवीस वर्षं होता. ओळखीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मालकाच्या आणि कामगारांच्या परवानगीने मी प्रेसचा आवाज टिपला होता. मीटरवर ९६ ते ९८ डेसिबल दिसत होते. मित्र ऐकायला घरी आला, सोबत वहिनी होत्या. भजनी मंडळाचा मोठा स्पीकर आणला होता. मीटर बघत आवाज पंचाण्णवच्या जवळ नेला आणि म्हटलं, एकच मिनिट. मित्र शांत बसला होता, जणू घरी आलाय. पंधरा-वीस सेकंदांत वहिनी उठल्या आणि त्यांनीच बटण बंद केलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "यात उभे राहत होतात तुम्ही? आणि मी इतकी वर्षं म्हणत आले, तुमचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं."

श्रोतेहो, ९६ हा आकडा त्यांना आधी सांगितला असता तर काही उमगलं नसतं. वीस सेकंदांच्या आवाजाने पंचवीस वर्षांचा गैरसमज दूर केला. ध्वनिमुद्रणाची ताकद कशात आहे, ते मला त्या दिवशी कळलं. आवाज सुंदर करून दाखवणं ही एक गोष्ट. तो ज्याच्या वाट्याला आला त्याच्या जागी दुसऱ्याला उभं करणं ही दुसरी. मला दुसरी जास्त मोलाची वाटते.

त्यानंतर मी प्रेसचीच एक रचना केली. तिच्यात प्रेसचे ठोके थोडेच आहेत. पाळी संपल्यावर बटण दाबलं जातं तिथून ती सुरू होते. चाक मंदावत जातं, पट्टा सुस्कारा टाकतो, मग पत्र्याच्या छपराखाली पूर्ण शांतता. आणि त्या शांततेत कामगार एकमेकांशी बोलायला लागतात, अगदी ओरडून. कारण आठ तासांनी कान बधिर झालेले असतात, आपण ओरडतोय हे त्यांना कळतच नाही. "डबा आणलास का रे?" एवढं साधं वाक्य, पण छपरावर आदळावं अशा आवाजात. चार मिनिटांची ही रचना ज्यांची आहे त्यांना मी आधी ऐकवली, त्यांची हरकत नाही हे विचारलं आणि मगच बाहेर काढली.

तुमच्यापैकी कुणाला हे करून पाहावंसं वाटलं तर फार खटपट नाही. मोबाइल पुरतो. एक जागा ठरवा, एक वेळ ठरवा, दहा मिनिटं मुद्रण करा. तारीख, ठिकाण आणि तिथे कोण काम करत होतं ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा तिथे जा. लोकांचं खासगी बोलणं त्यांच्या नकळत टिपू नका. विजेच्या उपकरणांना आणि वाहत्या रस्त्याला हात लावायला जाऊ नका, लांबूनही पुष्कळ मिळतं. आवाज आपल्याला वाटतात त्यापेक्षा लवकर जातात. पुणे-पिंपरीच्या रस्त्यांवर २०१९ पासून विजेवरच्या बस धावायला लागल्या. डिझेल बसचं ते थरथरत उभं राहणं, खिडकीच्या काचांचं तडतडणं, आणखी काही वर्षांनी मुलांना सांगूनही कळणार नाही.

आणि एक विनंती. तुमच्या घरात कुणी प्रेस, फोर्जिंग, फाउंड्री, यंत्रमाग अशा ठिकाणी काम करत असेल, घरी टीव्ही मोठा लावत असेल, दोनदा सांगूनही 'काय?' म्हणत असेल, तर चिडण्याआधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या. कामावर असताना कानात बोळे किंवा कानपट्टी घालायला सांगा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, उरलेलं मात्र सांभाळता येतं. आणि कधीतरी त्यांना विचारा, तुमच्या मशीनचा आवाज कसा होता हो? ते तोंडाने काढून दाखवतील. तो मोबाइलवर टिपून ठेवा.

नमस्कार.